पहिली सेमी-ऑटो रायफल घ्यायचीय? मग .२२ घ्या, आणि घ्यायच्या आधी हे वाचा

थँक्सगिव्हिंग जवळ आलं, दुकानांचे सेल लागले की इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या कुणाच्या ना कुणाच्या पोराचा नाहीतर पोरीचा मेसेज येतोच, काका अठरा पूर्ण झाली, पहिली रायफल घ्यायचीय, एआर (सैनिकांच्या रायफलीसारखी दिसणारी ती सेमी-ऑटो) घेऊ का? माझं उत्तर ठरलेलं आहे, घे, पण आधी .२२ (लहान, स्वस्त काडतुसाची रायफल) घे आणि वाचलेल्या पैशाच्या गोळ्या घे. मग त्यावर दहा प्रश्न येतात, म्हणून म्हटलं एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकू.

हे सगळं अमेरिकेपुरतं आहे हं. भारतातले नियम पूर्ण वेगळे, तिथे यातलं काहीच लागू होत नाही. मी टेक्ससमध्ये असतो त्यामुळे दुकानाची, रेंजची (नेमबाजीच्या जागेची) सवय इकडची, पण जिथे राज्याराज्यात फरक पडतो तिथे सांगतो.

आधी दोन ओळीत, सेमी-ऑटो म्हणजे काय. ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते, रायफल स्वतःच रिकामं काडतूस बाहेर फेकते आणि मॅगझिनमधलं (गोळ्यांच्या डबीतलं) पुढचं चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागी) ढकलते, पुढच्या गोळीसाठी ट्रिगर सोडून परत दाबायचा. दाबून धरला की सुटतच राहते ती फुल-ऑटो, आणि १९८६ नंतर बनलेली फुल-ऑटो सामान्य माणसाला मिळतच नाही. आणि एआर मधलं एआर म्हणजे आर्मालाइट, ज्या कंपनीत ते डिझाइन झालं तिचं नाव, असॉल्ट रायफल नाही. पाहुण्यांशी वाद घालताना उपयोगी पडेल.

पहिलं काम: तुम्हाला घेता येते का ते बघा

आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे स्टेटस. सिटिझन असाल तर प्रश्नच नाही, ग्रीन कार्ड असेल तरी चालतं, फॉर्मवर तुमचा ए-नंबर (ग्रीन कार्डवरचा नंबर) लिहावा लागतो एवढंच. पण एफ-१, एच-४, एच-१बी हे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसा, आणि फेडरल कायद्याने या व्हिसावर आलेल्यांना बंदूक किंवा गोळ्या बाळगायलाच बंदी आहे. त्याला काही अपवाद आहेत, मुख्य म्हणजे कुठल्यातरी राज्याचं चालू मुदतीचं हंटिंग लायसन्स. लोक म्हणतात की लायसन्स काढलं की झालं, पण व्हिसावर असताना असल्या गोष्टीत स्वतःच्या हिशोबाने जाऊ नका, आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. ग्रीन कार्डवाल्यांनीही लक्षात ठेवा, बंदुकीच्या कायद्यातला गुन्हा सिद्ध झाला तर तो देशाबाहेर काढायला पुरेसा असतो, अमेरिकन मित्राला जे दंडावर निभावतं ते तुम्हाला निभावेलच असं नाही.

वय. फेडरल नियम असा की दुकानातून रायफल घ्यायला १८ पूर्ण लागतात, पिस्तुलाला २१. पण राज्यं यावर आपापले नियम लावतात. टेक्ससमध्ये १८, परमिट नाही, राज्याचा वेगळा थांबायचा नियम नाही. फ्लोरिडात २०१८ पासून कुठल्याही बंदुकीला २१. वॉशिंग्टन राज्यात सेमी-ऑटो रायफलला २१, आणि त्यांच्या व्याख्येत खेळण्यासारखी दिसणारी .२२ सेमी-ऑटो पण येते. न्यूयॉर्कमध्ये २०२२ पासून सेमी-ऑटो रायफलला वेगळं लायसन्स आणि २१ वर्षं. न्यू जर्सीत (एडिसनवाल्यांनो, तुमच्यासाठी) आधी लोकल पोलिसांमार्फत फायरआर्म्स आयडी कार्ड काढावं लागतं, फिंगरप्रिंट वगैरे सगळं, ते हातात आल्याशिवाय दुकानात गेलात तर फक्त बघून परत याल. इलिनॉयमध्ये तसंच फॉइड कार्ड. कॅलिफोर्नियात सेफ्टी सर्टिफिकेटची परीक्षा, दहा दिवस थांबणं, आणि २१ च्या आतल्यांसाठी बरेच जास्तीचे अडथळे. हे नियम कोर्टात सारखे वरखाली होतात, त्यामुळे घ्यायच्या आठवड्यात राज्याच्या सरकारी साइटवर ताजं वाचा, कुणाच्या व्हिडिओवर जाऊ नका, माझ्यावरही नको.

गांजा. तुमच्या राज्यात दुकानात उघड मिळत असला तरी फेडरल कायद्यात तो अजून बेकायदा आहे, फॉर्मवर सरळ प्रश्न असतो आणि त्याखाली तशी सूचनाही छापलेली असते. फॉर्मवर खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा. वीकेंडला गमी खाणाऱ्यांनी काय ते ठरवा, दोन्ही एकत्र नाही.

आणि आपल्याकडचा लाडका जुगाड, "बाबांच्या नावावर घेऊ, पैसे मी देतो". हा जुगाड नाही, याला स्ट्रॉ परचेस म्हणतात, १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बाबांनी स्वतःच्या पैशाने, मनापासून भेट म्हणून घेतली आणि तुम्ही स्वतः बाळगायला पात्र असाल तर ते चालतं. पैसे तुमचे आणि सही त्यांची, हे चालत नाही.

दुकानात काय होतं

फार घाबरण्यासारखं काही नसतं. दुकानदार ४४७३ नंबरचा फॉर्म देतो, नाव, पत्ता, जन्मतारीख, मग हो-नाही प्रश्नांची रांग. सावकाश वाचा, घाईत चुकीच्या चौकटीत टिक केली की परत पहिल्यापासून. मग तो एफबीआयच्या सिस्टीममध्ये चेक टाकतो, उत्तर येतं, पुढे जा, थांबा, किंवा नाही. २१ च्या वर असाल तर बहुतेक वेळा थोड्या मिनिटांत काम होतं. २१ च्या आत असाल तर २०२२ च्या कायद्यापासून लहानपणीचे पोलिसांचे आणि मानसिक आरोग्याचे रेकॉर्डही राज्याकडे विचारले जातात, आणि काही तपासायचं निघालं तर १० वर्किंग डेजपर्यंत लांबू शकतं. त्यामुळे शनिवारी दुपारी घेऊन रविवारी रेंजवर जायचा प्लॅन करू नका.

कॉलेजवाले जिथे हमखास अडकतात ते म्हणजे पत्ता. लायसन्सवर आईबाबांच्या घरचा पत्ता आणि राहता भलतीकडे, मग दुकानदार परत पाठवतो, कारण फॉर्मवर सध्या राहता तो पत्ता लागतो आणि आयडी त्याला जुळायला हवा. आधी पत्ता बदलून घ्या, नाहीतर त्या पत्त्याचं दुसरं सरकारी कागदपत्र, म्हणजे गाडीचं रजिस्ट्रेशन वगैरे, जवळ ठेवा. डॉर्ममध्ये राहत असाल तर तिथे बंदूक ठेवता येत नाही असं जवळपास सगळीकडेच आहे, मग ठेवणार कुठे हे आधी ठरवा, घेऊन झाल्यावर नाही.

ऑनलाइन स्वस्त दिसते म्हणून मागवली तरी ती घरी येत नाही, लायसन्स असलेल्या लोकल दुकानात येते, तिथे हाच फॉर्म, हाच चेक, वर ट्रान्सफर फी. हिशोब केला तर बऱ्याचदा कोपऱ्यावरचं दुकानच बरं पडतं, आणि पुढे काही अडलं तर तोंडओळखीचा माणूस असतो.

.२२ च का

कारण साधं आहे, गोळ्या. .२२ एलआरची (लाँग रायफल, .२२ चं नेहमीचं काडतूस) एक गोळी साधारण ८-१० सेंटला पडते, एआरची .२२३ साधारण ५० सेंटच्या आसपास, भाव वरखाली होतात पण गुणोत्तर असंच राहतं. म्हणजे ५०० गोळ्या मारायच्या तर एकीकडे पन्नासेक डॉलर आणि दुसरीकडे अडीचशे. नेम गोळ्या मारूनच बसतो, रायफल कितीची आहे याला तिथे कुणी विचारत नाही.

दुसरं कारण आवाज. .२२३ चा धक्का खांद्याला फार नसतो, पण आवाज कानाबरोबर छातीत बसतो, आणि नवखा माणूस नकळत गोळी सुटायच्या आधीच डोळे मिटायला आणि खांदा पुढे ढकलायला लागतो. याला फ्लिंच म्हणतात आणि एकदा लागला की सुटता सुटत नाही. .२२ वर शिकलेल्याला तो सहसा लागतच नाही. म्हणून म्हणतो, एआर दुसरी घ्या, पहिली नको.

पण .२२ म्हणजे खेळणं समजू नका. ही गोळी मैलभर जाऊन माणूस मारू शकते, खोक्यावर तसा इशारा छापलेला असतो. काकांच्या रँचवर कुंपणावर डबे ठेवून मारायचे बेत असतील तर डब्यांच्या मागे मातीचा भक्कम बांध आहे का ते आधी बघा. तळ्याच्या पाण्यावर किंवा दगडावर तर मुळीच नाही, ही गोळी घसरून उडते.

गावाकडून हमखास विचारतात, स्वप्नील कुसळेसारखं का रे? २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या कोल्हापूरच्या पठ्ठ्याने ब्राँझ घेतलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, काडतूस हेच .२२ एलआर, पण त्या रायफलीत दर गोळी हाताने भरायची, सेमी-ऑटो तिथे चालत नाही. तुम्हाला खरंच तो खेळ खेळायचा असेल तर हा लेख इथेच सोडा आणि एखाद्या शूटिंग क्लबचा कोच गाठा, ती वाट वेगळी आहे.

कुठली घ्यायची

माझं मत सरळ आहे, रुगर १०/२२. १९६४ पासून बनतेय, लाखोंनी विकली गेलीय, साधं कार्बाइन मॉडेल तीनशे डॉलरच्या आसपास येतं, वजन पाच पाउंड. दहा गोळ्यांचं गोल फिरतं मॅगझिन असतं जे रायफलीच्या पोटात सपाट बसतं, खाली काही लोंबत नाही, आणि दहाचंच असल्यामुळे न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, जिथे दहाची मर्यादा आहे तिथेही प्रश्न येत नाही. स्टॉक (खांद्याला टेकवायचा दस्ता), ट्रिगर, नळी, काहीही बदलायला बाजारात ढीगभर सुटे भाग मिळतात. निदान पहिलं वर्ष काही बदलू नका.

खोड्याही सांगतो. शेवटची गोळी सुटली की १०/२२ चा बोल्ट (काडतूस चेंबरमध्ये ढकलणारा सरकता भाग) मागे उघडा राहत नाही, बंदच होतो. म्हणजे रायफल रिकामी आहे का भरलेली हे बाहेरून कळत नाही, ट्रिगर दाबल्यावर नुसतं टिक वाजतं तेव्हा कळतं. म्हणून सवय पहिल्या दिवसापासून लावा: नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर, आधी मॅगझिन काढा, मग बोल्ट पूर्ण मागे ओढा, ट्रिगर गार्डच्या पुढची छोटी पट्टी दाबून तो मागे अडकवा, आणि चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा, मग करंगळी घालून चाचपून बघा. क्रम उलटा झाला, म्हणजे बोल्ट आधी ओढला आणि मॅगझिन नंतर काढलं, तर बोल्ट पुढे जाताना एक गोळी चेंबरमध्ये घेऊन गेलेला असतो आणि तुम्हाला वाटतं रिकामी आहे. सेफ्टीचं बटण ट्रिगरच्या पुढे आडवं असतं, लाल कडं दिसलं म्हणजे गोळी सुटेल.

दुसरा पर्याय स्मिथ अँड वेसनची एम अँड पी १५-२२. दिसायला आणि हाताळायला हुबेहूब एआर, बटणं सगळी त्याच जागी, आतून .२२. पुढे एआर घ्यायचं पक्कं असेल तर ही चांगली शाळा आहे, शिवाय हिचा बोल्ट शेवटच्या गोळीला उघडा राहतो. किंमत चारशे-साडेचारशेच्या घरात. मॅगझिन २५ चं येतं, मर्यादा असलेल्या राज्यांसाठी दहाचं. न्यू जर्सीत स्टॉक आणि नळीच्या टोकावरचे आटे यावरही नियम आहेत, तिथे राज्यासाठी बनवलेलं व्हर्जनच घ्या आणि ते दुकानदाराकडून खात्री करून घ्या. मला स्वतःला हिचं प्लास्टिक आवडत नाही, पण पोरांना दिसण्याचंच कौतुक असतं, चालायचंच.

सेकंडहँडमध्ये मार्लिन मॉडेल ६० भरपूर दिसते, नळीखाली लांब नळकांडं असतं त्यात गोळ्या भरायच्या. नेम छान, स्वस्त, पण रिकामी करायला वेळ लागतो, नवख्याला मी देणार नाही. सॅव्हेज ६४ पण आहे, बजेट अगदीच तंग असेल तर.

आणि हट्टाने एआरच घेणार असाल तर निदान एवढं बघा, नळी १६ इंचाची किंवा जास्त (त्याहून आखूड झाली की फेडरल रजिस्ट्रेशनच्या भानगडीत जाते, आणि स्वस्तात मिळालेल्या एआर पिस्तुलाला स्टॉक जोडायचा उद्योग अजिबात नको), आणि नळीवर ५.५६ लिहिलेलं असू दे. ५.५६ च्या चेंबरमध्ये .२२३ ची गोळी चालते, उलटं करू नये. सुरुवातीच्या एआर पाचशे ते आठशेत येतात. चारशेच्या खाली दिसली तर का ते विचारा.

हातात धरून बघा

रेटिंग वाचून रायफल घेऊ नका. रेंजवर भाड्याने मिळतात, तिथे जाऊन मारून बघा. मित्राला घेऊन जा, बऱ्याच रेंज एकट्याने आलेल्या नवख्याला भाड्याने देत नाहीत. खांद्याला लावल्यावर गाल स्टॉकवर आपोआप टेकतो का, मान न ताणता साइट (नळीवरची नेम धरायची खूण) दिसते का, पुढचा हात थकतो का. उंची कमी असेल तर लहान स्टॉकचं कॉम्पॅक्ट मॉडेल बघा, लांब स्टॉक घेऊन मागे झुकून उभं राहणं ही सगळ्यात कॉमन चूक आहे, पोरीच नाही, पोरंही करतात. आणि कुठला डोळा प्रबळ आहे ते घरीच तपासा, दोन्ही हातांच्या मधल्या भोकातून भिंतीवरचं घड्याळ बघा, मग एकेक डोळा मिटा, ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहतं तो तुमचा. उजव्या हाताचे असून डावा डोळा निघाला तर घ्यायच्या आधी दोन्ही खांद्यांवर मारून बघा.

काउंटरवर दुकानदार रायफल देईल तेव्हा त्याने चेंबर तुमच्यासमोर तपासलं तरी तुम्ही परत तपासा. कुणाला राग येत नाही, उलट मान मिळतो.

बाकीचा खर्च

रायफल तीनशेची म्हणजे खर्च तीनशे नाही. कानाचे मफ आणि त्याखाली फोमचे प्लग, दोन्ही, कारण इनडोअर रेंजवर शेजारच्या लेनमध्ये कोणीतरी मोठं काहीतरी मारत असतो. चष्मा सेफ्टीचा, रोजचा नंबरचा नाही. रायफल न्यायची केस (पेटी), कुलूप, साफसफाईचं सामान, रेंजची फी. आणि गोळ्या. सेमी-ऑटो .२२ गोळ्यांच्या बाबतीत चोखंदळ असते, मंद वेगाच्या गोळ्यांवर बोल्ट नीट मागे जात नाही आणि काडतूस अडकतं. सीसीआय मिनी-मॅग ४० ग्रेन हे सगळीकडे चालणारं नाव, त्यावर सुरुवात करा, मग स्वस्तातल्या दोन-तीन प्रकारांची एकेक खोकी घेऊन तुमच्या रायफलला काय पचतं ते बघा. आवडलं की मोठं खोकं.

स्कोप (दुर्बीण) आत्ता नको. लोखंडी साइटवर शिका. दोनशे डॉलर उरलेच तर प्रोजेक्ट अॅपलसीडच्या दोन दिवसांच्या वर्गाला जा, देशभर होतात, २५ मीटरवर .२२ नेच शिकवतात, उभं, बसून, झोपून, पट्टा हाताला गुंडाळून नेम धरायला. मधे १७७५ च्या लढाईच्या गोष्टी सांगतात, तेवढीच विश्रांती. शेवटी परीक्षा असते, २५० पैकी २१० आले की रायफलमॅनचा बिल्ला. पहिल्या खेपेला बहुतेकांना मिळत नाही, आणि तरी सोमवारी तुमचा नेम शुक्रवारपेक्षा कितीतरी बरा असतो.

घरी ठेवताना

घरात सांगून घ्या. आईला कपाट आवरताना सापडली तर त्या घरात काय होईल ते मी सांगायला नको. रायफल रिकामी, बोल्टमधून केबल लॉक घातलेलं, स्टीलच्या कपाटात, गोळ्या वेगळ्या कुलपात, किल्ली फक्त तुमच्याकडे. केबल लॉक बऱ्याच पोलिस स्टेशनात फुकट मिळतं, प्रोजेक्ट चाइल्डसेफचं. धाकटी भावंडं, दिवाळीला येणारी पाहुण्यांची पोरं, सगळ्यांचा विचार करा. "त्याला माहीतच नाही कुठे आहे" हे कुलूप नव्हे, लहान पोरांना सगळं माहीत असतं.

अजून एक, आणि हे आपल्यात कोणी बोलत नाही. अमेरिकेत बंदुकीने जे मृत्यू होतात त्यातले निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. परीक्षा, ब्रेकअप, लेऑफ, घरातली भांडणं, या वयात वाईट महिने येतात. तसा काळ चालू असेल तर आत्ता घेऊच नका, आणि आधीच घेतली असेल तर काही काळ दुसरीकडे ठेवायला द्या, काही दुकानं आणि रेंज ठेवून घेतात, विश्वासू मित्राकडे द्यायची तर तुमच्या राज्यात ते चालतं का तेवढं विचारून घ्या. कोणी कारण विचारत नाही. ९८८ ला फोन किंवा मेसेज केला तर चोवीस तास माणूस बोलतो.

रेंजवरचा पहिला दिवस

पोचल्यावर रेंजच्या ऑफिसरला सांगा, पहिली वेळ आहे. लाज वाटायचं काही नाही, तो जास्त लक्ष देतो. पहिल्यांदा मॅगझिनमध्ये पाचच गोळ्या भरा. "सीझफायर" ऐकलं की रायफल रिकामी करून ठेवा आणि लाइनच्या मागे या, लोक टार्गेटपाशी गेलेले असताना रायफलला हातसुद्धा लावायचा नाही, साफ करायलाही नाही. ट्रिगर दाबला आणि काहीच झालं नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून मनात तीस आकडे मोजा, .२२ मध्ये गोळी उशिरा सुटू शकते. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर लगेच थांबा, गोळी नळीत अडकलेली असू शकते, त्यावर दुसरी मारली तर नळी फुटते.

.२२ च्या बऱ्याच गोळ्या उघड्या शिशाच्या असतात. रेंजवर सँडविच खाऊ नका, निघताना हात थंड पाणी आणि साबणाने धुवा, घरात लहान बाळ असेल तर बूट दाराबाहेर. साफसफाई सोपी आहे, नळीतून बोअर-स्नेकची दोरी चेंबरकडून पुढे ओढायची, बोल्टवरची काजळी पुसायची, तेलाचा एक थेंब. तेलात बुडवू नका, काजळी चिकटून बसते.

गाडीतून नेताना रिकामी, केसमध्ये कुलूपबंद, डिकीत. राज्याची हद्द ओलांडताना पलीकडचे नियम बघा, पेनसिल्व्हेनियात चालणारं मॅगझिन डेलावेअर नदीच्या पुलापलीकडे न्यू जर्सीत गुन्हा असू शकतं.

आणि रेंजची बॅग ही रेंजचीच बॅग. भारतात जाताना तीच सॅक घेऊन गेलात आणि कुठल्यातरी चोरकप्प्यात एक .२२ ची गोळी राहिली असेल तर मुंबईच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये ती दिसते, आणि परवान्याशिवाय एक जिवंत काडतूस सापडलं तरी आर्म्स अॅक्टखाली केस होऊ शकते, विसरलो होतो हे तिथे हवालदाराला सांगून भागत नाही, पासपोर्ट अडकतो, वकील करावा लागतो, लग्नाला आलेला माणूस कोर्टाच्या तारखा घेत बसतो. नुसतं रिकामं काडतूस सापडलं तरी चौकशीत फ्लाइट जाते. रेंजला नेलेलं जॅकेटही नेऊ नका, खिशात हमखास एखादं असतं.